मदत हवी आहे : लेकीची पहिली गाडी, तीन लाखांत, खाऱ्या वाऱ्यात टिकणारी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

आमचं घर पावसच्या पुढे, पूर्णगडच्या अलीकडे. समुद्र घरातून दिसत नाही, ऐकू येतो. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, यावरून तो किती जवळ आहे ते समजा. लेक तेवीस वर्षांची, रत्नागिरीत एका रुग्णालयात नर्स आहे. स्कूटीने जाते-येते. दिवसपाळी असली की काही वाटत नाही, पण दुपारची पाळी सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. गेल्या जुलैत एका रात्री घरी पोचली तेव्हा हेल्मेटच्या आतल्या फोमातून पाणी पिळून निघत होतं. गोळपच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, वारा स्कूटीला बाजूला सारत होता, म्हणाली. त्यात डुकरं आडवी आली. थांबली, तर पाय टेकायला रस्त्याची कड दिसेना. त्या रात्री जेवताना हे एवढंच म्हणाले, "पुढचा पावसाळा चार चाकांवर."

तर गाडी. आंब्याचे पैसे आणि तिची शिल्लक मिळून तीन लाख आहेत. ओढूनताणून साडेतीन. पतसंस्थेचं कर्ज नको आहे, कारण कलमं एक वर्ष देतात नि दुसऱ्या वर्षी तोंड फिरवतात. हप्ता तसा तोंड फिरवत नाही. पक्कं लायसन्स तिला मार्चमध्ये मिळालं. क्लासची गाडी सोडून दुसरी चालवलेली नाही. उंची पाच फूट. सीट खाली असली की बॉनेटचं टोक दिसत नाही, हे क्लासलाच कळलं.

तीन गाड्या बघून झाल्या.

अल्टो ८००, २०१४ची. गावातल्याच निवृत्त गुरुजींची. एकच मालक, ३१ हजार किलोमीटर, मागतात १ लाख ६० हजार. आमचे मोठे भाऊजी म्हणतात, डोळे मिटून घ्या, गुरुजी गाडीला रोज फडकं मारतात. शिवाय "शिकताना ठोकली तरी हळहळ नाही." मला हे ऐकून कसंतरीच झालं. ठोकली तर मी गाडीची हळहळ करत बसणार आहे का? एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही.

वॅगन आर, २०१९ची. चिपळूणच्या एका एजंटकडे, २ लाख ९० हजार. अशी चकाचक की लेक बघताक्षणी पाघळली. नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, आत लिंबाचा वास.

टियागो पेट्रोल, २०२०ची, पुण्याची, एमएच-१२. मालकांची बदली रत्नागिरीला झाली, आता मोठी गाडी घेतायत. तब्बल ७१ हजार किलोमीटर झालेले. मागच्या बंपरला पोचा. ३ लाख ६० हजार सांगतात.

ह्यांना पहिली हवी, लेकीला दुसरी, मला तिसरी. आणि माझं कारण काय, तर मालकांनी पोचा आपणहून दाखवला. एवढ्यावर कोणी गाडी घेत नाही हे मलाही कळतं. म्हणून विचारते: समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जुनी गाडी घेताना काय बघायचं? कमी चाललेली बरी की नवी बरी? आणि नवख्या मुलीच्या हातात साधा गिअर द्यावा की ऑटोमॅटिक? पाऊस पडायच्या आत ठरवायचं आहे.

दहा-बारा पाना

ताई, माझं गॅरेज आहे, किनाऱ्यापासून लांब, पण किनाऱ्यावरच्या गाड्या शेवटी माझ्याकडेच येतात. ३१ हजार ऐकून भुलू नका. समुद्राकडे उभी असलेली गाडी न चालताच म्हातारी होते. रोज पळणारी गाडी तापते, सुकते. उभ्या गाडीखाली ओल बसून राहते आणि तिच्यात मीठ.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, पुढच्या सस्पेन्शनचे माउंट, ब्रेकचे पाइप, ही ठिकाणं बघा. बोटाने नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर पत्रा आहे, भसभस वाजलं तर रंग आहे. आणि खाली नवंकोरं काळं अंडरकोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. गंजावर काळं फासून गाड्या विकणारे मी पाहिलेत. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती पानांनी बुजलेली असली तर दार आतून सडतं.

गुरुजींची गाडी कुठे उभी असते ते लिहा आधी.

मु.पो. वाशिष्ठीकाठ

२०१९ची वॅगन आर, चिपळुणात, २ लाख ९० ला, आणि लिंबाचा वास. काकू, मी चिपळूणचाच आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. माझी स्वतःची गाडी छपरासकट बुडाली. विम्याचे पैसे घेऊन मी मोकळा झालो, पण गाडी कुठेतरी गेलीच ना. तिला कोणीतरी धुतलं, पुसलं, नवीन कव्हर घातलं.

म्हणून हे करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी मुळापर्यंत. धुणारे वरचा हातभर धुतात, आतल्या गुंडाळीत गाळाची रेघ तशीच राहते. मग डिकीतलं स्टेपनी चाक काढून खालचा खड्डा बघा. सीटचे रूळ नि त्यांचे बोल्ट बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. नंबरवर जाऊ नका. चिपळूणची प्रत्येक गाडी बुडालेली नाही, आणि बुडालेल्या गाड्या पार लांबच्या शहरांत जाऊन विकल्या गेल्यात. त्या वर्षीची विम्याची कागदपत्रं मागा. एजंट "हरवली" म्हणाला की चहा पिऊन उठा.

लेकीलाही एक सांगून ठेवा. रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. ढकलून बाहेर काढायची. स्टार्टर मारला की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि विम्यात इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी ते नुकसान देत नाही.

चाकरमानी

जुनी कशाला घेताय? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. थोडं कर्ज काढून नवी घ्या. नाहीतर इलेक्ट्रिक घ्या, रोजचे पन्नास किलोमीटर म्हणजे अगदी मापात.

धागाकर्ती

@चाकरमानी, दादा, तुम्ही गणपतीत येता, आम्ही बारा महिने राहतो. पावसाळ्यात लाइट असते की नसते यावर आमच्याकडे पैज लागते. गाडी चार्ज नाही म्हणून अतिदक्षता विभागातली पाळी चुकवता येणार नाही. कर्जाचं वर लिहिलंच आहे.

@दहा-बारा पाना, गुरुजींची गाडी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी असते. खळ्याच्या पुढे दगडी गडगा, गडग्याच्या पुढे सुरूची झाडं, मग समुद्राची पुळण. तुम्ही विचारल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं.

घाटरस्ता

तिशीत एसटीत चढलो, अठ्ठावन्नला उतरलो. सगळी वर्षं स्टिअरिंगमागे गेली, म्हणून दोन शब्द.

बाई, भाऊजींचं ऐकू नका. "शिकायला डबडं" हा विचार स्कूटी-सायकलपुरता ठीक. नवखा चालक ठोकतो तो शिकतानाच, मग एअरबॅगच्या पिशव्या तेव्हाच हव्यात ना? सरकारी नियमाने एबीएस सगळ्या नव्या गाड्यांत एप्रिल २०१९ पासून आलं आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्यामुळे त्यानंतर बनलेलीच गाडी बघायची. नोंदणीची तारीख नाही, बनावटीचा महिना बघा, आरसीवर (नोंदणीपत्रावर) असतो. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाडी आदळून सुरक्षितता तपासते, तिच्या चाचणीत अल्टो ८०० ला २०१४ मध्ये शून्य तारे होते, वॅगन आरला २०१९ मध्ये दोन, टियागोला २०२० मध्ये चार. तारे म्हणजे देव नाही, पण शून्य आणि चार यांत फरक आहे.

गिअरचं म्हणाल तर साधाच द्या. स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक एएमटी, साध्याच गिअरबॉक्सवर क्लच नि गिअर यंत्राने टाकणारी. चढणीवर गर्दीत थांबून पुन्हा निघताना ती मागे सरकू शकते, आणि नवखा माणूस घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. हँडब्रेक लावून चढणीवर गाडी उचलायला तिला भाट्याच्या चढावर शिकवा. रविवारी सकाळी, बाजूला कोणीतरी पक्का चालक बसवून. आंबा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल कधीच नाही. आणि चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. हल्ली हे कोणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आणि तिला सीटवर बसवून बघा. उशी घेऊन बॉनेट दिसत असेल तर उशी घ्यावी, लाजू नये. माझा एक सहकारी तीस वर्षं उशीवर बसला.

मु.पो. वाशिष्ठीकाठ

खर्चाचं कोणी लिहिलं नाही. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १००० सीसीच्या इंजिनापर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, त्याच्या वर १५०० पर्यंत ३,४१६, वर जीएसटी. टियागो ११९९ सीसी, म्हणजे दुसऱ्या गटात. मूळ मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. एजंट "बोनससकट देतो" म्हणाला तर खोटं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर बघा. असेल तर कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात. ई-चलन किती थकलेत ते नंबर टाकून आधी बघा, नाहीतर पुण्यातल्या सिग्नलचे दंड पावसला भराल.

धागाकर्ती (रविवारी रात्री)

तिन्ही गाड्या पुन्हा बघितल्या. या वेळी ओळखीच्या मेस्त्रीला घेऊन.

गुरुजींकडे लिफ्ट कुठली, खळ्यातच जॅक लावला. मेस्त्रींनी डाव्या दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटली, आवाज आला नाही. मग टोक टेकवलं, जोर न लावता, आणि ते पापडातून जावं तसं आत गेलं. तांबडे पोपडे शेणाने सारवलेल्या खळ्यावर पडले. वरून गाडी आरशासारखी! यात गाडीचा काही दोष नाही, बारा वर्षं ती समुद्राला तोंड करून उभी आहे. गुरुजींनी चष्मा काढला, खाली वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मी आपला वरूनच पुसत राहिलो." निघताना त्यांनी ह्यांना सांगितलं की आता ही कोणालाच विकणार नाही. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. भाऊजी येताना काही बोलले नाहीत.

चिपळूणला मी स्वतः सीटबेल्ट ओढला. शेवटचा वीतभर पट्टा बाकीच्यापेक्षा काळपट, आणि त्यावर वाळलेल्या चिखलाची आडवी रेघ. एजंट म्हणाला, मागच्या मालकाची मुलं मळक्या पायांनी बसायची. मी म्हटलं, सीटबेल्टच्या आत बसायची का? लेकीला हसू आवरेना. तिचं प्रेम तिथेच संपलं.

टियागो रत्नागिरीत लिफ्टवर घेतली. खाली धूळ आहे, सायलेन्सरच्या जोडाला थोडा गंज आहे, पत्रा सगळा वाजतो. क्लच बदलायला आलाय, मेस्त्री म्हणतात सहा महिने काढेल. सर्व्हिसचे कागद सगळे आहेत, चलन एकच, तेही भरलेलं. क्लच दाखवून घासाघीस केली, ३ लाख ३८ हजारांवर थांबले. बनावट मार्च २०२०, दोन एअरबॅगा. सीट वर उचलता येते, तरी लेकीने उशी मागितलीच. @घाटरस्ता, काका, तुमच्या सहकाऱ्याची गोष्ट तिला सांगितली होती.

बुधवारी पैसे द्यायचे आहेत. आता नवी अडचण. घरापर्यंत पाखाडी आहे, चिऱ्यांच्या पायऱ्या, गाडी येत नाही. वर रस्त्याला दोनच जागा आहेत. एक फणसाखाली, आणि फणस धरलेला आहे. दुसरी शेजाऱ्यांच्या गवताच्या मांगराला लागून, तिथे उंदीर इतके की त्यांच्या ट्रॅक्टरच्या वायरी दोनदा कुरतडल्यात. पत्र्याची शेड उभी करेपर्यंत पावसाळा अर्धा जाईल. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवल्याचा खरंच उपयोग होतो का? आणि गाडीला कव्हर घालायचं, तर त्याखाली ओल धरून पुन्हा गुरुजींच्या गाडीसारखं होईल का?

दहा-बारा पाना

कव्हर पावसाळ्यात नको, तुम्ही म्हणता तेच होईल. तंबाखू पहिले आठ दिवस चालते, मग उंदरांना सवय होते. मांगर टाळा. फणसाखालीच लावा, पण आधी गाडीवरच्या फांदीचे फणस उतरवून घ्या. नाहीतरी कोवळ्याची भाजी होते. आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा, वरून नाही धुतली तरी चालेल.