फॅन ८० ला लावू नका

इंजिन थंड राहावं म्हणून गाडीच्या रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन पाणी ८० अंशांना पोचताच सुरू करायचा, असा विचार काही जण करतात. तसं करू नका. थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ चा असेल तर तो ८२ ला उघडायला लागतो आणि पूर्ण उघडतो साधारण ९५ ला. इंजिन गरम झालं की पाणी ८० च्या खाली येतच नाही, म्हणजे फॅन बंदच होणार नाही. मोटरचे ब्रश झिजतील, अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) उगाच लोड येईल.

फॅन चालू-बंद करणारा तापमानाचा सेन्सर इंजिनच्या बाजूला असेल तर चालू ९५, बंद ९० ठेवा. हा पाच अंशांचा फरक हवाच, नाहीतर रिले (फॅनला करंट देणारा स्विच) सारखा टकटक करत राहतो आणि त्याचे पॉइंट जळतात. सेन्सरऐवजी तापमानावर चालणारा स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तिथे पाणी आधीच निवलेलं असतं, म्हणून ८५-८८ चा घ्या.

९५ ला घाबरू नका. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि झाकण प्रेशर धरणारं असेल तर उकळी १२० च्या पुढेच. एसी लावल्यावर मात्र फॅन लगेच फिरायला हवा, त्यासाठी एसीकडून फॅनला वेगळी वायर घ्या.

आणि हायवेवर ताशी ८० च्या स्पीडला टेंपरेचरचा काटा चढत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. रेडिएटर चोंदलाय का ते आधी बघा.