मदत हवी आहे: त्रिपुरी पौर्णिमेला घाटावरच्या पणत्या वाऱ्याने विझतात

कार्तिकी पौर्णिमेला गावातल्या शिवमंदिराच्या घाटावर आम्ही सगळे मिळून 500 पणत्या लावतो. पणत्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून उपड्या निथळत ठेवतो, म्हणजे माती तेल पीत नाही. तिळाचं तेल, कापसाची जाड वात, टोकाला कापूर चोळलेला, पेटतात लगेच. अडचण वाऱ्याची. नदीवरून वारा सुटला की खालच्या तीन पायऱ्यांवरची रांग अर्ध्या तासात विझते. वात आत ओढली तर तेलात बुडून विझते. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवल्या तर थोडा फरक पडतो, पण तिथूनच बायकांचे पदर जातात. काच नको, फुटली तर अनवाणी पायांखाली येते, प्लास्टिकही नको. कुंभाराकडून खोल पणती घडवून घ्यायची तर काठ ज्योतीपेक्षा किती बोटं उंच ठेवावा, आणि दोन तासांना तेल किती लागेल?