मदत हवी आहे : प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) घसरला, की स्काउटच मुळात चुकला होता?

नमस्कार मंडळी,

'आऊट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संगणकावरचा बेसबॉल-संघव्यवस्थापनाचा खेळ मी गेली दोन वर्षे खेळतो आहे आणि सध्या एका निर्णयापाशी अडलो आहे. माझा संघ पिट्सबर्ग पायरेट्स. (रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना २००८ मध्ये याच संघाने करारबद्ध केले होते, एवढ्याच कारणाने तो निवडला.) स्काउटिंगची, म्हणजे खेळाडू पारखण्याची, अचूकता मी मुद्दाम 'लो' ठेवली आहे, खेळाडूंच्या गुणवत्तेत आपोआप होणाऱ्या बदलांचे प्रमाण, म्हणजे टॅलेंट चेंज रँडमनेस, मूळचे १०० आहे तसेच राहू दिले आहे. रेटिंग २० ते ८० या मापात दिसतात आणि ५० म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्तरावरचा सरासरी खेळाडू.

पहिल्याच ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत मी शाळेतून थेट आलेला अठरा वर्षांचा एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घेतला. माझ्या स्काउटिंग डायरेक्टरने त्याचे पोटेन्शियल, म्हणजे पुढे तो गाठू शकेल ते रेटिंग, ६५ सांगितले होते, तर ओएसए या खेळातल्याच तटस्थ स्काउटिंग संस्थेच्या अहवालात तेच ५० होते. आपण ज्याला भरघोस पगार देतो त्याचे ऐकायचे नाही तर कोणाचे, असा विचार करून मी ६५ वर विश्वास ठेवला. दोन वर्षांनी त्या डायरेक्टरचा करार संपला, मी दुसरा नेमला, आणि काही आठवड्यांनी आलेल्या नव्या अहवालात तोच मुलगा ४५ वर दिसू लागला. त्याच दोन वर्षांत ओएसएच्या लेखी तो ५० वरून ४५ वर आला आहे. या काळात त्याला मोठी दुखापत झालेली नाही आणि सिंगल-ए या मेजर लीगच्या बऱ्याच खालच्या स्तरावर तो जवळजवळ रोज खेळला. मात्र शंभर वेळा फलंदाजीला आला तर ३१ वेळा तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो, ही गोष्ट मला आधीपासून खटकत होती.

माझी अडचण अशी, की यात दोन वेगळ्या अनिश्चितता एकमेकींत मिसळल्या आहेत आणि पडद्यावर मात्र एकच आकडा खाली आलेला दिसतो. खेळाडू आज खरोखर कसा आहे हे पाहण्यात स्काउटची चूक होते, ही पहिली. आणि आज अगदी अचूक पाहिले तरी तो उद्या कसा होईल हे कोणालाच ठाऊक नसते, ही दुसरी. ओएसएच्या आकड्यावरून खरी घसरण पाचाची असावी आणि उरलेले पंधरा माझ्या जुन्या डायरेक्टरच्या कल्पनेतच असावेत, असा माझा अंदाज आहे. तो 'टूल्स'ला (अंगभूत क्षमतेला) प्राधान्य देणारा होता आणि नवा 'अॅबिलिटी'ला (आजच्या कौशल्याला) देतो, हेही मी नेमताना नीट पाहिले नव्हते.

यावर विचार करताना लक्षात आले की दोष बहुधा माझ्या निवडीच्या पद्धतीतच आहे. शेकडो मुलांच्या यादीतून मी माझ्या स्काउटच्या मते सर्वांत वरचा मुलगा उचलतो. पण स्काउटची चूक दोन्ही बाजूंना होत असेल, तर यादीच्या टोकाला जे पोहोचतात त्यांत ज्यांच्याबद्दल तो वरच्या बाजूने चुकला आहे अशांचाच भरणा अधिक असणार. म्हणजे तो सरासरीने कितीही प्रामाणिक असला, तरी माझ्या पदरात पडणारा खेळाडू सांगितल्यापेक्षा कमीच निघेल. हे गणित बरोबर असेल, तर ६५ हा आकडा मी पहिल्या दिवशीच ५५ च्या आसपास धरायला हवा होता.

खऱ्या बेसबॉलमध्येही नंतर हा हिशेब लावणे सोपे नसते. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर मार्क अॅपेल हा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) घेतला आणि दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला. ब्रायंट २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अॅपेलला दुखापतींनी घेरले, त्याने मध्ये खेळ सोडलाही, आणि अखेर २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून तो मेजर लीगमध्ये उतरला. यात स्काउटची चूक किती आणि नशीब किती? उलट १९९९ मध्ये अल्बर्ट पुहोल्स तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, तिथे मात्र सगळ्याच संघांची नजर चुकली असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आता प्रत्यक्ष प्रश्न. स्वतःच्या स्काउटचा आणि ओएसएचा अहवाल यांत दहा-पंधरांचे अंतर असेल, तर अचूकता 'लो' असताना आपण त्यांना किती-किती वजन देता? मी सध्या सरळ सरासरी काढतो, पण ते मला अडाणीपणाचे वाटते. स्काउटिंगच्या बजेटमधला आंतरराष्ट्रीय भाग कापून मी तो हौशी खेळाडूंकडे वळवला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हा पैसा फक्त पहिल्या प्रकारची अनिश्चितता कमी करतो आणि दुसरीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. तसे असेल, तर काही रक्कम खेळाडू-विकासाकडे नेणे शहाणपणाचे ठरेल का? आणि वीस वर्षांच्या मुलाची सिंगल-ए मधली आकडेवारी रेटिंगच्या विरोधात पुरावा म्हणून कितपत धरावी?

हे सारे आताच विचारण्याचे कारण असे, की संगणकाच्या एका संघाने या शॉर्टस्टॉपच्या बदल्यात सव्वीस वर्षांचा, फार चमकदार नसलेला पण भरवशाचा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) देऊ केला आहे आणि त्याच्यावर अजून तीन हंगाम संघाचा हक्क राहील. त्यांचा स्काउट माझ्या जुन्या डायरेक्टरसारखाच चुकत असेल, तर ही संधी सोडू नये असे वाटते; पण तोच बरोबर असेल तर?

कमिशनर मोड चालू करून खरे रेटिंग पाहून घ्यावे, हा सल्ला कृपया देऊ नये. तो मार्ग मलाही माहीत आहे आणि तसेच करायचे असते तर अचूकता 'लो' कशाला ठेवली असती? माझ्या खेळात आज २२ जुलै आहे, अदलाबदलीची मुदत ३१ ला संपते, आणि आपली उत्तरे येईपर्यंत मी एक दिवसही पुढे ढकललेला नाही.