पुस्तक न वाचता पडद्यावर भेटलेली दुनिया: तुमचा अनुभव लिहा

परवा पुतण्याचा मित्र घरी आला होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा, म्हणजे ती घातक अंगठी आगीच्या डोंगरात टाकायला निघालेल्यांच्या गोष्टीचा विषय निघाला, तर पोराने तोंडावरच विचारलं, "काका, पुस्तक वाचलंय का पण?" नाही वाचलं. टोल्कीनची ती पुस्तकं १९५४-५५ सालची; जालन्यात माझ्या ओळखीत एकाच्याही घरी पाहिलेली नाहीत. सिनेमे मात्र तिन्ही पाहिले, पुन्हापुन्हा पाहिले. तिसऱ्याला ११ ऑस्कर मिळाली तेव्हा घरचंच कुणी पास झाल्यासारखं वाटलं होतं. एकनाथी भागवत वाचल्याशिवाय भारुडाला बसू नये असं पैठणात कुणी म्हणत नाही, मग इथेच दाखला कशाला? तर लिहा मंडळी. मूळ पुस्तक ठाऊक नसताना काय पाहिलं, काय कळलं, काय राहून गेलं?

परभणीहून

आमची तर पुस्तकाचं सोडा, सिनेमाचीसुद्धा बोंब. पहिला भाग दुकानातून भाड्याने आणला, तीन सीड्यांचा. दोन नंबरची चालेना. फडक्याने पुसली, फुंकर मारली, भावाने टूथपेस्ट चोळली. प्लेअर आपला खर्र खर्र करून 'नो डिस्क' दाखवायचा. शेवटी एक संपल्यावर सरळ तीन नंबर लावली. पहिलीत चार बुटके आणि टोपडं ओढून बसलेला एक माणूस. तिसरीत बघतो तर नऊ जण, त्यात एक दाढीवाला कुऱ्हाड घेऊन! हे कुठून आले? भाऊ म्हणाला, वाटेत पाव्हणे भेटले असतील. मग मधल्या तासाची गोष्ट मीच जुळवली: एक लढाई, एक लग्न आणि लग्नात मानापानावरून भांडण. शाळेत तीच सांगितली, पोरांनी ऐकलीसुद्धा. बऱ्याच वर्षांनी खरा मधला भाग पाहिला, तर त्यात एक मोठी बैठकच निघाली. गोल बसून अंगठी कुणी न्यायची यावर वाद. मानापानाचा अंदाज अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

लातूर जिल्ह्यातून

आज्जी सुपात गहू निवडत बसायची आणि टीव्हीवर आमचं हिंदीतलं चालू असायचं. तिला हिंदी जेमतेम. अंगठीसाठी झुरणारा गॉलम आला की मात्र तिचा हात थांबायचा. अंगाची काडं झालेली, मासा कच्चाच खाणारा. पहिल्यांदा म्हणाली, "कुणाचं लेकरू हाय गं हे? किती वाळलंय." तो स्वतःशीच दोन आवाजांत भांडतो तो प्रसंग आहे ना, तिथे आम्ही हसायलो होतो. आज्जी म्हणाली, "हसू नका. त्येच्यात दोघं राहायलेत." तिला कुणी समजावलं नव्हतं. शेवटी अंगठी मुठीत धरून तो आगीत पडतो, तेव्हा ती "सुटलं बिचारं" म्हणाली आणि पुन्हा गहू पाखडायला लागली. मला तोवर वाटत होतं की सुटला तो फ्रोडो, अंगठी तिथवर वाहून नेणारा बुटका.

अंबाजोगाईहून

मी जरा वेगळं बोलते. हॅरी पॉटरच्या ७ पुस्तकांचे ८ सिनेमे झाले, मी सगळे पाहिले. तिसऱ्यात, २००४ च्या, तो जादूचा नकाशा आहे. कोण कुठे चाललंय त्याची पावलं उमटतात. त्यावर करणाऱ्यांची चार टोपणनावं आहेत, पण ती कुणाची हे सिनेमा सांगतच नाही. पुस्तक वाचलेल्या मैत्रिणीने सांगितलं, त्यातला एक हॅरीचा बाप! आणि शाळेतला तो मवाळ मास्तरही त्या चौघांतलाच. बापाविना वाढलेल्या पोराच्या हातात बापाने केलेली वस्तू असते आणि मला ती नुसती गंमत वाटली होती. तेव्हा सिनेमा पुरतो असं मी म्हणणार नाही. दोन वाक्यांचं काम होतं हो.

नांदेडहून

सिनेमे आधी, पुस्तक पन्नाशीनंतर, असा माझा उलटा प्रवास. सुरुवातीलाच गार झालो: फ्रोडो घरातून निघतो तेव्हा पन्नास वर्षांचा! ज्याच्याकडून त्याला अंगठी मिळते त्या म्हाताऱ्या बिल्बोच्या १११ व्या वाढदिवसानंतर मध्ये १७ वर्षं जातात. पडद्यावर वाटतं, लगेच निघाले, आणि पोरगंही कोवळं. सिनेमाला ती घाई शोभते. पण माझ्या वयाचा माणूस तो डोंगर चढतोय म्हटल्यावर माझेच गुडघे दुखायला लागले. गाणी म्हणणारा टॉम बॉम्बाडिल सिनेमात घेतला नाही म्हणून वाचणारे हळहळतात. खरं सांगू? त्याची गाणी मी चाळून पुढे गेलो.

छत्रपती संभाजीनगरहून

'रिंग्ज'चा पहिला भाग हॉस्टेलच्या खोलीत पाहिला. 'मोरिया' हे डोंगराच्या पोटातल्या काळोख्या खाणीचं नाव ऐकल्याबरोबर मागून कुणीतरी "गणपती बाप्पा" ओरडलंच. पाच मिनिटांत सगळे गप्प. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, सहलीला गेलो होतो तेव्हा वाटाड्याने मध्येच पलिता विझवला होता. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली पायरी आहे का नाही ते कळेना, पुढच्याच्या शर्टाला धरलेलं. सिनेमातल्या म्हाताऱ्या जादूगाराच्या काठीच्या उजेडात ती माणसं चालतात तेव्हा तोच वास आला. टोल्कीन वाचलेल्या किती जणांनी अंधारी पाहिलीय?

बीडहून

लोडशेडिंगचे दिवस. तिसऱ्या भागात ते दोघं डोंगर चढायले आणि लाईट गेली, ती आली पहाटे. शेवट बघायचा तेव्हापासून राहिलाय. येत्या रविवारी लावणार होतो, पण वर लातूरच्या ताईंनी आज्जीसकट सगळा फोडून टाकलाय.