मदत हवी आहे: शेल्फवरच्या ट्रेचं पेटंट आधीच कुणीतरी घेतलंय, आता काय करू?

मांडणीकार
नमस्कार मंडळी. घाईत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माल मांडायचा एक ट्रे बनवलाय. पुढची वस्तू उचलली की मागची आपोआप पुढे सरकते. ट्रेच्या दर्शनी कडेला छोटी स्क्रीन आहे, तिच्यावर किंमत दिसते आणि मागे किती नग उरलेत तेही दिसतं. नमुना व्यवस्थित चालतोय. काल शोधाशोध करताना एक पेटंट सापडलं आणि त्यातली दुसरी आकृती बघून पोटात गोळा आला. हुबेहूब माझाच ट्रे! आता मला पेटंट मिळेल का? आणि ट्रे विकले तर ते लोक माझ्यावर दावा लावतील का? पुढच्या आठवड्याच्या आत ठरवायचंय, जाणकारांनी लवकर सांगावं. पेटंट एजंटकडे जाणारच आहे, पण त्याआधी मला स्वतःला कळायला हवं.

शाईपेन
कोणत्या देशाचं पेटंट? नंबरच्या शेवटी कोणतं अक्षर आहे? अर्ज कधीचा? मंजूर झालंय की नुसतं प्रसिद्ध झालंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

जुना खेळाडू
माझा अनुभव सांगतो. पेटंटच्या भानगडीत पडू नका. मीही हुकवर लटकवायच्या एका पट्टीचं पेटंट काढलं. मंजूर होईपर्यंत बाजारात तीच पट्टी थोड्या वेगळ्या आकारात सगळीकडे आली होती. भांडायला पैसा लागतो, वेळ लागतो. आधी बाजारात उतरा, गिऱ्हाईक बांधा.

विद्युत्कण
स्क्रीन कुठली घेतलीये? एलसीडी असेल तर आत्ताच बदला आणि ई-पेपर घ्या. त्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. विजेच्या दाबाने ते वरखाली होतात आणि वीज काढून घेतली तरी आहेत तिथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती फक्त आकडा बदलताना. शेल्फवरच्या लेबलांची छोटी बॅटरी वर्षानुवर्षं चालते ती याच्यामुळे. ही कल्पनाही बरीच जुनी आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत निकोलस शेरिडन यांनी १९७०च्या दशकात दोन रंगांचे फिरणारे सूक्ष्म गोळे वापरून असा कागद केला होता. पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून १९९७ साली ई इंक ही कंपनी निघाली.

मांडणीकार
@विद्युत्कण, ई-पेपरच आहे. प्रश्न स्क्रीनचा नाही हो, पेटंटचा आहे.
@शाईपेन, पेटंट अमेरिकेचं आहे, शेवटी ए१ आहे. पण माझ्या ट्रेला स्क्रीन आहे आणि त्यांच्याला नाही. मग मी त्यातून सुटलो ना?

शाईपेन
नाही. हा गैरसमज सगळ्यांचाच असतो म्हणून सविस्तर लिहितो.

आकृती बाजूला ठेवा. पेटंटाचा हक्क आकृतीवर नसतो, शेवटी क्रमांक देऊन जे दावे लिहिलेले असतात त्यांच्यावर असतो. दाव्यात बहुधा 'पुढील घटकांचा समावेश असलेली रचना' अशा धाटणीची भाषा असते. समजा पहिल्या दाव्यात ट्रे, गुंडाळीची स्प्रिंग, ढकलपट्टी आणि पुढचा अडसर असे चार घटक आहेत. तुमच्या ट्रेत हे चारही असतील तर वर स्क्रीन लावा नाहीतर दिवा लावा, तुम्ही त्या दाव्यात सापडलात. सुटका व्हायची ती घटक वाढवून होत नाही. त्यातला एखादा घटक तुमच्याकडे मुळातच नसेल तर होते. तिथेही सावध राहा, कारण नाव बदललं पण काम तेच, तशाच रीतीने होतंय असं दिसलं तर कोर्ट त्याला समतुल्य मानू शकतं.

आता ए१. अमेरिकेत ए१ म्हणजे नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. पहिला अर्ज दाखल केल्यापासून साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, मंजुरीशी त्याचा संबंध नाही. मंजूर पेटंटाला बी१ किंवा बी२ लागतं. अर्जदार सुरुवातीला दावे मुद्दाम रुंद लिहितात आणि तपासणीत ते अरुंद होतात. तेव्हा ए१ मधले दावे वाचून घाबरू नका, त्याचं बी शोधा.

क्षितिजा
शाईपेन यांना अनुमोदन, आणि एक भर. मांडणीकार, तुम्ही दोन प्रश्न एकात गुंफलेत. 'मला पेटंट मिळेल का' हा एक आणि 'मी माल विकू शकतो का' हा दुसरा. त्यांची उत्तरं उलटसुलट येऊ शकतात. पेटंट म्हणजे वस्तू बनवायचा परवाना नव्हे, दुसऱ्याला बनवण्यापासून रोखायचा हक्क आहे. तुमच्या सुधारणेला पेटंट मिळेल आणि तरीही खालच्या मूळ ट्रेचं दुसऱ्याचं पेटंट जिवंत असल्यामुळे तुम्हाला विकता येणार नाही, असं होऊ शकतं. याच्या उलट, मुदत संपलेल्या पेटंटातला ट्रे तुम्ही खुशाल विका, पण त्याच गोष्टीवर स्वतःचं पेटंट मागू शकत नाही.

घडीव
डिझाइन नोंदणी करून टाका, विषय संपला. स्वस्त, झटपट. तपासणीची कटकट कमी. आमच्या सगळ्या स्टँडची तीच केली आहे.

क्षितिजा
@घडीव, विषय कसा संपला? डिझाइनने फक्त बाह्य रूपाला संरक्षण मिळतं. नग मोजायची युक्ती त्यात येतच नाही. समोरच्याने कडा गोल केल्या, स्क्रीन डावीकडे नेली, की तुमची नोंदणी कपाटात राहिली. जोडीला जरूर करावी, पेटंटाच्या जागी नाही.

घडीव
दिसणंच विकलं जातं ताई. गिऱ्हाईक आतली स्प्रिंग बघत नाही. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतोय.

जुना खेळाडू
घडीव यांच्याशी सहमत. आतली युक्ती लपवता आली तर पेटंटची गरजच काय?

शाईपेन
@जुना खेळाडू, लपवणार कशी? ट्रे उलटा केला की सगळं दिसतं. बनवायची प्रक्रिया गुपित ठेवता येते. जी वस्तू उघड्या शेल्फवर ठेवायची आहे तिची रचना गुपित राहत नाही.

झगमगाट
इथे स्क्रीनचा विषय चाललाय म्हणून सांगतो. ओएलईडी स्क्रीनवर एकच स्थिर जाहिरात दिवसभर ठेवू नका, चित्राचा डाग कायमचा बसतो. आणि काचेच्या खिडकीत, उन्हासमोर लावायची असेल तर घरचा टीव्ही कामाचा नाही, त्याचा उजेड काहीशे निट्सचा (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) असतो. तिथे २,५०० निट्सच्या आसपासचे पडदे लागतात. गरम होतात, मागे हवा खेळती ठेवा.

मांडणीकार
@झगमगाट, धन्यवाद, पण माझी स्क्रीन बोटभर रुंद आहे आणि तिला स्वतःचा उजेडच नाही.

@शाईपेन, बी२ सापडलं. पहिला दावा वाचला. त्यात ट्रे, स्प्रिंग, ढकलपट्टी आहे, आणि 'स्प्रिंगच्या पट्टीवर छापलेल्या खुणा वाचणारा प्रकाशीय सेन्सर' असं लिहिलंय. माझ्याकडे प्रकाशीय काहीच नाही. ढकलपट्टीच्या तळाला चुंबक आहे आणि ट्रेच्या पायथ्याला ओळीने हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारे सेन्सर, आहेत. मग?

विद्युत्कण
वा, हे आधी का नाही लिहिलंत? चुंबक हाच तर खरा मुद्दा आहे. पण शेजारच्या ट्रेमधल्या चुंबकाचा परिणाम होत नाही का? आणि वस्तूचं वेष्टन लोखंडी पत्र्याचं असेल तर?

मांडणीकार
होतो ना. म्हणूनच सेन्सर दोन रांगांत आहेत आणि दोन्ही वाचनांतला फरक घेतो. शेजारच्या चुंबकाचा प्रभाव दोन्ही रांगांवर जवळजवळ सारखाच पडतो, त्यामुळे फरकात तो बहुतेक निघून जातो. आपल्या चुंबकाचा मात्र जवळच्या रांगेवर कितीतरी जास्त पडतो. यालाच सर्वांत जास्त वेळ लागला. पत्र्याच्या डब्यांसाठी चुंबक आणि डब्यामध्ये जाड प्लास्टिकचं अंतर ठेवलंय.

शाईपेन
मांडणीकार, तुमचा शोध हा आहे! पहिल्या प्रश्नात तुम्ही ट्रे आणि स्क्रीनबद्दल लिहिलंत आणि दोन रांगांबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. ढकलपट्टीची जागा ओळखून उरलेले नग मोजणं नवीन नाही, तशी पेटंट्स मी वाचली आहेत. इलेक्ट्रॉनिक शेल्फ लेबलं तर प्रायसर ही स्वीडिश कंपनी १९९१ पासून करतेय, तेव्हा स्क्रीनवर किंमत दाखवणंही नवीन नाही. या दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवल्या एवढ्यावर अर्ज केलात तर तपासनीस 'यात काय विशेष, कुणालाही सुचेल' म्हणेल. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २००७च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालापासून ही कसोटी आणखी कडक झाली. भारताच्या कायद्यात कलम ३ मध्येच लिहिलंय की आपापलं काम आधीसारखंच करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती जुळणी म्हणजे शोध नव्हे. युरोपात नुसतं 'माहितीचं सादरीकरण' शोध धरत नाहीत, म्हणजे स्क्रीनवर काय दिसतं त्यावर भर देऊन उपयोग नाही. पण शेजारच्या ट्रेचा अडथळा घालवण्यासाठी दोन रांगांची विशिष्ट रचना, ही तांत्रिक अडचण आणि तिचं तांत्रिक उत्तर आहे. दावा तिथे बांधा.

त्या बी२ मधले बाकीचे स्वतंत्र दावेही वाचा. जो दावा 'दावा १ प्रमाणे' असं म्हणत नाही तो स्वतंत्र. पहिल्यातून सुटलात आणि चौदाव्यात अडकलात, असं व्हायला नको.

मांडणीकार
आणखी एक स्वतंत्र दावा आहे, त्यातही प्रकाशीय सेन्सर आहे. ए१ मध्ये तिथे नुसतं 'सेन्सर' होतं! म्हणजे अरुंद केलेला दिसतोय. आणि स्थितीच्या रकान्यात 'फी न भरल्याने मुदतबाह्य' असं काहीतरी दिसतंय. म्हणजे सुटलोच?

क्षितिजा
चांगली बातमी आहे, पण तीन गोष्टी तपासा. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते. ती चुकली की पेटंट पडतं, पण चूक हेतुपुरस्सर नव्हती असं सांगून ते पुन्हा जिवंत करता येतं. म्हणून शोधसाइटवरच्या रकान्यावर विसंबू नका, पेटंट कार्यालयाच्या नोंदीत स्थिती बघा. दुसरं, त्याच अर्जाची भावंडं इतर देशांत असतील तर ती वेगळी जिवंत असू शकतात. एस्पासनेट या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या शोधसाइटवर 'पेटंट फॅमिली' बघा. ज्या देशात विकणार तिथलं पेटंट महत्त्वाचं. तिसरं, त्याच अर्जातून पुढे काढलेला दुसरा अर्ज असेल, तर त्यात रुंद दावे नव्याने मागितलेले असू शकतात.

पेटंट मेलं तरी त्यातली माहिती तुमच्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून कायम उभी राहते. त्याच्या वर्णनात कुठे 'चुंबकीय सेन्सरही वापरता येईल' असं वाक्य आहे का? दावे नाही, पूर्ण वर्णन वाचा.

मांडणीकार
आहे. एका ओळीत 'प्रकाशीय, चुंबकीय किंवा विद्युत' असं म्हटलंय. दोन रांगांबद्दल किंवा शेजारच्या ट्रेबद्दल काही नाही.

शाईपेन
मग नुसता चुंबक मागू नका, दोन रांगा आणि फरक मागा. शोध अजून रुंद करा. शब्दांवर शोधून पुरत नाही, कारण प्रत्येकजण ट्रेला वेगळं नाव देतो. पेटंट कार्यालयांच्या वर्गीकरण क्रमांकाने शोधा: ढकलपट्टीच्या ट्रेसाठी ए४७एफ १/१२५ आणि १/१२६, इलेक्ट्रॉनिक लेबलांसाठी जी०९एफ ३/२०८. तिथे चाळलंत की कोण काय करतंय ते दिसेल.

एक प्रश्न राहिला. पुढच्या आठवड्याची घाई कशाची?

मांडणीकार
व्यापारी प्रदर्शन आहे. स्टॉल घेतलाय, ट्रे मांडणार आहे.

क्षितिजा
थांबा!! हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. अर्ज दाखल होईपर्यंत तो ट्रे कुणालाही दाखवू नका. युरोपात अर्जाच्या आधी शोध जगजाहीर झाला की नावीन्य संपलं, मग तो तुम्ही स्वतःच दाखवलेला का असेना. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणाला एक वर्षाची सवलत आहे. भारतात प्रदर्शनासाठीची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे, प्रत्येक व्यापारी मेळाव्याला नाही. आतापर्यंत कुणाला दाखवलाय?

मांडणीकार
फक्त साचे बनवणाऱ्याला. त्याच्याशी गोपनीयतेचा करार आहे.

जुना खेळाडू
प्रदर्शन सोडू नका हो, ऑर्डरी तिथेच मिळतात. फारतर ट्रे पेटीत बंद ठेवा आणि स्क्रीन तेवढी दाखवा.

शाईपेन
प्रदर्शन सोडायची गरज नाही, त्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज दाखल करा. त्याने तारीख हातात येते. १८८३च्या पॅरिस करारानुसार त्या तारखेपासून १२ महिन्यांत इतर सदस्य देशांत अर्ज करता येतो आणि तीच तारीख धरली जाते. त्याच १२ महिन्यांत पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज केलात तर बहुतेक देशांत जायला पहिल्या तारखेपासून ३० महिने मिळतात.

पण प्रोव्हिजनल म्हणजे एक पानभर टिपण नव्हे. त्यात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. रांगांमधलं अंतर, चुंबक कुठे, फरक कसा काढता, पत्र्याच्या डब्यांसाठीचं प्लास्टिक, सगळं आकृत्यांसकट घाला. सेन्सर तीन रांगांत असले तर? रांगा उभ्या असल्या तर? हेही लिहा. दुसरा कुणी तुमच्या शेजारून कसा निसटेल याचा तुम्हीच आधी विचार करा. आणि यासाठी एजंट आजच गाठा.

झगमगाट
माझा खिडकीतल्या स्क्रीनचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारतो. पण प्रदर्शनात हॉलचे दिवे ई-पेपरवर थेट पडले तर काच चमकते. चकाकीरोधक फिल्म लावा.

मांडणीकार
फिल्म लावतो. एजंटची उद्याची वेळ मिळाली आहे, आकृत्या आज रात्री पूर्ण करतो. शेवटचं विचारतो: स्टॉलच्या फलकावर 'पेटंट घेतलेले' असं छापायला टाकलंय, ते चालेल ना?

क्षितिजा
नाही. मंजुरीशिवाय तसं लिहिणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. छपाई थांबवा. अर्ज क्रमांक हातात आल्यावर 'पेटंटसाठी अर्ज दाखल' एवढंच लिहा.