विनोदी नट श्रीमंत कशानं होतो? एसआयपीनं खास नव्हे

डिचोलीकर

गेले दोन दिवस आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. लिहिणारे 'नफातोटा' या चर्चामंचावरही असतात, म्हणून उत्तर इथंच देतो. पोस्टचं सार असं: अमेरिकेतला जेरी साइनफेल्ड लोकांना हसवून अब्जाधीश झाला, आपले विनोदी नट मात्र म्हातारपणी शाल-श्रीफळावर दिवस काढतात, कारण त्यांना गुंतवणूक कळत नाही. विशीत एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्यानं म्युच्युअल फंडात गुंतवणूक, लावली असती तर आज चित्र वेगळं असतं. खाली कुठल्यातरी संकेतस्थळावरून उचललेली आपल्या नटांची 'एकूण संपत्ती', कोटींत.

आधी त्या आकड्यांचं बघू. नटाच्या नावावर कुठं किती जमीन, किती कर्ज, हे त्याच्या बायकोला धड ठाऊक नसतं आणि या संकेतस्थळाला ठाऊक? गाडीचा फोटो दिसला, मुंबईत फ्लॅट आहे असं कळलं, की ठोका कोटी.

आता साइनफेल्ड. तो म्युच्युअल फंडानं अब्जाधीश झाला असं कोणी सांगितलं तुम्हाला? १९८९ ते १९९८ त्याची मालिका चालली, १८० भाग. तिच्यात त्याचा मालकीचा वाटा होता. मालिका संपल्यावर ती पुनःपुन्हा विकली गेली, २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर गेली, आणि दर विक्रीत वाटेकरी म्हणून त्याला पैसे. दहाव्या हंगामासाठी भागाला पन्नास लाख डॉलर देऊ केले होते, तेही त्यानं नाकारले. वाटा हातात असलेल्या माणसालाच हे परवडतं.

आपल्याकडे चित्रपटाच्या नटाला पैसे एकदाच. पुढं वाहिनीवर तो चित्रपट दर रविवारी लागो, नटाला त्यातलं काय? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी कुणाला गिळता येणार नाही अशी सोय झाली, पण पडद्यावर तोंड दिसतं त्या नटाचं घोडं जवळजवळ तिथंच अडलंय.

मराठीत ज्यांनी खरा पैसा केला ते बघा. दादा कोंडके. 'सोंगाड्या' १९७१ चा, पैसा स्वतःचा, जोखीम स्वतःची. ओळीनं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, आणि गल्ला निर्मात्याचा म्हणजे त्यांचाच. प्रशांत दामल्यांनी २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, आणि तेही नट-निर्माते. नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे ठरलेले पैसे, घेऊन घरी जाणारा कितीही हसवो, त्याचं घर चालतं, एवढंच. मुद्दा वाट्याचा आहे, आणि वाटा नटाला कोणी आपणहून देत नाही.

नफातोटा

पात्रांव, एवढं लांबण लावलंत, पण माझी पोस्ट पुरती वाचलीत का? मी नटांना मूर्ख म्हटलेलं नाही. शिस्त हवी, एवढंच म्हटलं.

आणि तुमच्याच यादीत नसलेलं एक नाव घ्या: अशोक सराफ. स्टेट बँकेतली नोकरी. नाटकं चालू, तरी नोकरी सोडायची घाई केली नाही. शिस्त म्हणतात ती हीच. २०२५ ला पद्मश्री, त्याच्या आधी महाराष्ट्र भूषण, आणि या वयातही माणूस कामात. यात गुंतवणुकीचं डोकं नाही असं म्हणता?

तुमच्या त्या 'वाट्या'चं दुसरं टोकही सांगा की. भगवानदादा. 'अलबेला' १९५१, निर्माता स्वतः. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, गाड्यांचा ताफा. शेवट दादरच्या चाळीत. तोही मालकच होता ना? माझ्याकडे सल्ल्याला एक नट यायचे, नाव सांगत नाही, फोंडा तालुक्यातले. साठी ओलांडल्यावर स्वतःचं नाटक काढायचा झटका आला, रस्त्याला लागून असलेला प्लॉट विकला. पावसाळ्याआधीच नाटक बंद. आज त्या प्लॉटवर दिल्लीवाल्याची तीन मजली इमारत उभी आहे आणि हे रोज तिथूनच बसनं जातात. त्यांना जाऊन सांगा वाट्याचं तत्त्वज्ञान.

डिचोलीकर

भगवानदादांचा मुद्दा बिनतोड आहे, घ्या. पण सराफांचा नाही. बँकेची नोकरी म्हणजे गुंतवणूक नव्हे, ती भीती आहे. शहाणी भीती, पण भीतीच. उद्या नाटक पडलं तर भाडं कोण देणार ही.

मडगावची_सीए

दोघंही हवेत बोलताय. माझ्याकडे येणाऱ्या कलाकारांची अवस्था सांगते. दहा टक्के टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापून पैसे येतात. वर्षाचं उत्पन्न इतकं कमी की कापलेलं बरंचसं परत मिळावं. पण रिटर्नच भरत नाहीत! 'बाय, ते सरकारकडे गेलं, आता कुठलं येतंय' म्हणतात. आधी हक्काचे घ्या, मग एसआयपी.

आणि निर्माता होणाऱ्यांनी हेही बघा. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यावर गेलात की लागू. म्हणून दर पाचशेला येऊन थांबतो. डिझेल थांबत नाही, हॉटेल थांबत नाही. मुंबईहून बस, सेट, वीसेक माणसं घेऊन गोव्यात यायचं आणि पाचशेच्या आत सगळं बसवायचं. हाऊसफुल झालं तरच जमतं, आणि मागच्या रांगा रिकाम्या असतात ते आपण सगळे बघतो.

साष्टीकार

मागच्या रांगा रिकाम्या आणि पुढच्या दोन पासवाल्यांच्या. हें सांगूंक विसरलीस बाय.

आमच्या तियात्राला, म्हणजे कोकणी नाटकाला, या एकदा रवींद्र भवनात. दुपारचा खेळ, संध्याकाळचा खेळ, लोक तिकीट काढून येतात. म्हातारी बाई नातवाला घेऊन येते, पर्समधून पैसे काढून देते. प्रिन्स जेकबसारखा विनोदी नट स्वतः लिहितो, स्वतः बसवतो, निर्माताही स्वतःच. १८९२ ला मुंबईत पहिला तियात्र झाला, तेव्हापासून हा धंदा तिकिटावर उभा आहे. सरकारवर नाही, देवळावर नाही. तुमच्या मराठी प्रेक्षकाला नट श्रीमंत व्हायला हवा, पण पास मात्र चार हवेत. दोन पुरत नाहीत, कारण साडू पण येणार.

शणै_म्हापसा

साष्टीकार, तोंड सांभाळून. मी हनुमान थिएटरात तिकीट काढून नाटकं बघितली आहेत तेव्हा तुमचा जन्म झाला नसेल. पासाची सवय लावली कोणी? राजकारण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी. प्रयोगाच्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात, साहेबांचे दहा पास, साहेबांच्या पी.ए.चे सहा. त्या खुर्च्यांवर शेवटी ड्रायव्हर आणि शेजारी येऊन बसतात, मध्यंतरात उठून जातात. सामान्य मराठी प्रेक्षकाला दोष देऊ नका. आणि तियात्राला कला खात्याचं अनुदान मिळत नाही काय? उगाच सोवळेपणा नको.

साष्टीकार

मिळतं. नाटकालाही मिळतं. मग आमचे खेळ जास्त का चालतात तें सांग मरे. उत्तर नाही म्हणून साहेबांचं नाव पुढं करतोस. शेवटचं तिकीट कधी काढलंस तें सांग आधी.

शणै_म्हापसा

गेली दोनेक वर्षं तर पणजीची कला अकादमीच बंद होती, तिकीट काय मांडवीच्या पाण्यात काढू?

साष्टीकार

ती २०२३ च्या नोव्हेंबरात उघडली, बाब. आणि बंद होती तेव्हा म्हापशाहून फोंड्याच्या नाट्यगृहाला बस जात नव्हती काय?

पडद्यामागचा

भांडण राहू दे. तिकीट, पास, वाटा, हा सगळा शहरातल्या सभागृहाचा हिशेब. गोव्यात मराठी नाटक जास्त कुठं होतं? देवळात. आणि देवळातल्या नाटकाला तिकीट नाही, कधी नव्हतं. प्रेक्षकाची सवय तिथली आहे. आजोबा फुकट बघत होते, हाही फुकटच बघणार. त्याला साहेब कारण नाही.

मी रंगभूषेची पेटी घेऊन जत्रा फिरतो. आमच्या पट्ट्यात एक विनोदी नट आहेत. आयुष्यभर नाटकं केली. गावच्या नाटकात त्यांना पैसे मिळत नाहीत, उलट वर्गणी तेच देतात. पालखी येते, पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, सुरू होते, एकेक नारळ-केळ्याचा घड तासभर चढत राहतो, रात्रीचे दीड वाजतात तेव्हा कुठं पडदा उघडतो. हे दुसऱ्या प्रवेशात येतात. अजून तोंड उघडलेलं नसतं आणि लोक हसायला लागतात. मग ऐन वाक्यावर माइकवरून सूत्रसंचालक घुसतो: 'अमुक अमुक यांच्याकडून आमच्या लाडक्या कलाकाराला शंभर रुपये बक्षीस!' कोणीतरी रंगमंचावर चढून कोटाला नोट पिनेनं लावतो. हे तसेच पुतळ्यासारखे उभे, मग त्या नोटेकडे बघून एक नवीनच वाक्य टाकतात आणि मांडव पुन्हा कोसळतो. पहाटे मी रंग उतरवताना त्या पिना काढतो. नोटा कुठं जातात? समोरच्या पोराला, ज्यानं रात्रभर चहा आणला. त्यांना संपत्ती विचारा. हसतील.

नफातोटा

सुंदर लिहिलंत. पण माझा मुद्दाच सिद्ध केलात की नाही?

पडद्यामागचा

नाही केला. ते वीज खात्यातून निवृत्त झाले, पेन्शन आहे, माड आहेत, बागायत आहे. गरीब नाहीत. फक्त नाटकानं त्यांना एक रुपया दिला नाही.

कुडचड्याची_सुलू

आता मी बोलू? इतका वेळ सगळे पुरुष नट, पुरुष निर्माते, पुरुष प्रेक्षक.

गावच्या नाटकात पुरुष हौशी आणि आम्ही नाईटवाल्या. मी नाईट घेते, विनोदी भूमिकाही करते, विहिणी, मोलकरणी, कजाग शेजारणी. सरकारी खात्यातला, बँकेतला, शाळेतला पुरुष रंगमंचावर मजा म्हणून उभा राहतो आणि सकाळी सही करायला कचेरीत जातो. गोव्यातल्या विनोदी नटाची एसआयपी म्हणजे सरकारी नोकरी. ती नोकरी असल्यामुळं त्याला कलेवर निस्सीम प्रेम करता येतं. माझं प्रेम कमी आहे कारण मी पैसे मागते, असं तोंडावर सांगणारे भेटलेत.

दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, शिगम्यानंतर मे महिन्यापर्यंत कशीबशी कामं, पाऊस सुरू झाला की चार महिने काही नाही. हंगामात एका रात्री पेडण्यात, दुसऱ्या रात्री काणकोणात. तालीम एक किंवा तीही नाही, गाडीत बसून पाठ करायचं. गाडीचं पेट्रोल नाईटमध्येच. एका मंडळानं तर प्रयोग झाल्यावर ठरल्यापेक्षा कमी दिले, 'पुढच्या वर्षी तुलाच बोलावतो' म्हणाले. बोलावलं, परत तेच. मी गेले, कारण तो आठवडा रिकामा होता.

तेव्हा डिचोलीकरबाब, वाटा कसला? ठरलेली नाईट ठरलेल्या दिवशी मिळाली तरी मी दामल्यांच्या थाटात राहीन. आणि नफातोटाबाब, चार महिने हप्ता कशातून भरू तेवढं सांगा, मी उद्या तुमच्या ऑफिसात येते.

डिचोलीकर

सुलूताई, वाट्याचं बोलणं मी मोठ्या नटांपुरतं करत होतो.

कुडचड्याची_सुलू

तेच तर. मोठ्यांचंच बोलतात सगळे.

नफातोटा

ताई, हप्ता थांबवता येतो. हंगामात जास्त, पावसाळ्यात शून्य, असंही बसवता येतं. पण मान्य, दरमहा ठरावीक रक्कम हे माझं गणित पगारदार माणसाला धरून होतं. पोस्टमधली ती कोटींची यादीही काढून टाकतो, तिच्यामुळं भलतंच रामायण झालं. शीर्षक मात्र ठेवणार. शीर्षकाशिवाय कोणी वाचत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

शणै_म्हापसा

यादी काढली तर बरंच झालं. पण पासाबद्दल साष्टीकारानं माफी मागितलेली नाही.

साष्टीकार

मागणार नाही. हनुमान थिएटरच्या जुन्या तिकिटाचा फोटो टाक, मग बघू. अर्धं फाडलेलं असलं तरी चालेल.

शणै_म्हापसा

पन्नास वर्षांपूर्वीची तिकिटं कोण जपून ठेवतो? अक्कल आहे का?

साष्टीकार

तियात्रवाले ठेवतात.

पडद्यामागचा

शणैबाब, तुमच्या म्हापशातच नाटक लावू या, सुलूबाय काम करील, नाईट आधी हातात. दर दोनशे. तुम्ही तिकीट घेणार ना?

शणै_म्हापसा

तारीख सांगा. फक्त एकादशीला नको, उपवासात मला बसवत नाही. आणि खुर्ची कडेची द्या, गुडघा दुखतो.

पडद्यामागचा

सीएबाय, जाता जाता एक विचारू? त्या कोटाला पिनेनं लावलेल्या बक्षिसाच्या नोटांवर कर लागतो काय?

मडगावची_सीए

सुलूसारखा जिचा तोच व्यवसाय आहे तिला ते उत्पन्नच, दाखवायला हवं. तुमच्या हौशी वीज खातेवाल्याच्या शंभर रुपयांमागं कोणी लागत नाही. लागलंच, पहाटे तीनला जत्रेत पिना मोजायला अधिकारी आलाच, तर त्याला पुढच्या रांगेत बसवा. पास द्यायची सवय आहेच आपल्याला.