मदत हवी आहे: जुन्या किटचा सहा चॅनेलचा मिक्सर संध्याकाळी हमिंग करतो

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मुक्काम कोल्हापूर, मंगळवार पेठ. मामांनी ऐंशीच्या दशकात किट आणून घरी जोडलेला सहा चॅनेलचा मोनो मिक्सर आता माझ्याकडे आलाय. मामा रेडिओ दुरुस्तीतले, त्यामुळे आतली जोडणी बघत बसावी अशी आहे. सगळ्या वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, एकही सोल्डर मळकट नाही. हा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला द्यायचा विचार आहे. दोन माईक, पेटी, पखवाज, एवढंच काम.

किटबरोबरच्या कागदावरून आणि बोर्ड बघून समजलं ते असं. प्रत्येक चॅनेलला एक ७४१ ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी). माईकच्या स्टेजला २२० के (किलोओहम) आणि २.२ के चे रेझिस्टर, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो तो) साधारण शंभर. मग १० के लॉग फेडर (आवाज कमी-जास्त करायचा सरकता पॉट), तिथून १०० के रेझिस्टरमधून बसवर, म्हणजे सगळे चॅनेल एकत्र येतात त्या तारेवर. बेरजेला एक ७४१, त्याच्या फीडबॅकमध्येही १०० के. मास्टरला बास-ट्रेबल, मग आउटपुटचा ७४१. सप्लाय १२-०-१२ चा ५०० एमए ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन कंडेन्सर, ७८१५ आणि ७९१५ हे अधिक-उणे १५ व्होल्टचे रेग्युलेटर.

तक्रारी:

१) हमिंग. मास्टर वर केला की वाढतं. सकाळी जवळजवळ नसतं, संध्याकाळी भजनाच्या वेळेला हटकून येतं. पॉटच्या दांड्याला बोट लावलं की थोडं बदलतं.

२) सगळे फेडर खाली असले तरी मास्टर वर नेल्यावर सूंऽऽ असा आवाज. शिवाय माईकवर आवाज जरा बसका, झांजेची चकाकी येत नाही.

फिल्टरचे दोन्ही कंडेन्सर नवे टाकून झालेत, फरक शून्य. ७४१ काढून टीएल०७२ टाका असं एकाने सांगितलं. टाकू का?

नाद_डेसिबल

भावा, हे अर्थ लूप. मिक्सरची आणि अँप्लिफायरची दोन्ही अर्थ एकत्र आली की असंच होतं. मिक्सरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक, गप बसतंय बघ. आम्ही मांडवात हेच करतो.

मिरजेचा_तंबोरा

तिसरी पिन काढायची नाही. लोखंडी पेटी, आत मेन्स, जुनी वायर, समोर माईकला ओठ लावून गाणारा माणूस. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की पेटीवर २३० व्होल्ट येणार आणि पावसाळी मांडवात ते कुणाला लागेल याचा नेम नाही. लूप तोडायचाच असेल तर सिग्नलच्या केबलची शील्ड एका टोकाला सोडतात, नाहीतर मध्ये एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात. मेन्सच्या अर्थला हात नाही.

पंचगंगाकाठ, आधी हमिंग कुठलं ते ठरवा. लूपचं किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचं असेल तर मुख्यतः ५० हर्ट्झ. सप्लायच्या गाळणीतून सुटलेलं असेल तर १००, कारण ब्रिजमधून दोन्ही अर्ध्या लहरी येतात. सूर लावून बघायचा मोह होईल, पण दोन्ही पांढरी पाचच्याच जवळ, किंचित चढी. फरक फक्त सप्तकाचा. आमच्यासारखे पेटीवाले त्यात हमखास फसतात. फोनवर एखादं स्पेक्ट्रमचं अॅप घ्या आणि सगळ्यात उंच रेघ ५० वर आहे की १०० वर ते बघा.

पॉटला बोट लावल्यावर बदलतं ते वेगळं दुखणं. पॉटच्या बॉड्या ग्राउंडला जोडलेल्या नसणार. मागून एक उघडी तार सगळ्या बॉड्यांवरून फिरवा आणि ती एकाच जागी ग्राउंड करा. डाग देण्याआधी बॉडी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सोल्डर धरत नाही.

पंचगंगाकाठ

बघितलं. संध्याकाळी १०० वर खांबासारखी रेघ, २०० आणि ३०० वर लहान. ५० ची रेघ आहे, पण बारीक, आणि ती सकाळीही तेवढीच असते.

जुना_कंडेन्सर

अहो, दुखणं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय आणि कुणी वाचलं नाही. "सकाळी नसतं, संध्याकाळी येतं." अर्थ लूप काय घड्याळ बघून येतं?

आता गणित करा. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्ट, डायोडमध्ये ०.७ गेले, राहिले १६.३. ७८१५ ला नीट चालायला इनपुटवर १७ च्या आसपास लागतात. म्हणजे कागदावर हा सप्लाय चालायलाच नको. चालतो, कारण ट्रान्सफॉर्मरवर लोड नगण्य आहे. एक ७४१ पावणेदोन एमएच्या आसपास खातो, सगळे मिळून वीस एमएसुद्धा होत नाहीत. ५०० एमएचा ट्रान्सफॉर्मर एवढ्या कमी लोडवर लिहिल्यापेक्षा जास्तच व्होल्टेज देतो. किटवाल्याने याच भरवशावर स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर घातला. त्या काळच्या बऱ्याच किटांत हा प्रकार दिसतो.

संध्याकाळी गल्लीतलं व्होल्टेज पडतं, लहरीच्या दऱ्या १७ च्या खाली जातात आणि रेग्युलेटर त्या दऱ्या तशाच पुढे सोडतो. शंभर हर्ट्झ. कंडेन्सर बदलून फरक पडला नाही तोही यामुळेच. दरी थोडी भरते, पण शिखरच तोकडं असेल तर कंडेन्सर काय करणार?

खात्री करा. सकाळी आणि संध्याकाळी तीन आकडे घ्या: मेन्स, ७८१५ च्या आधीचं डीसी, नंतरचं डीसी. मेन्स मोजताना एक हात खिशात.

पंचगंगाकाठ

काका, अगदी तेच निघालं. सकाळी मेन्स २३२, रेग्युलेटरच्या आधी १८.३, नंतर १५.०. संध्याकाळी मेन्स २०३, आधी १५.९, नंतर १४.१ आणि तोही आकडा हलत राहतो. मग १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर आणू ना? शाहूपुरीत मिळतोय.

जुना_कंडेन्सर

आणू नका. रात्री उशिरा मेन्स २५० ला गेलं तर १५-०-१५ कमी लोडवर पंचवीस व्होल्टच्या घरात जाईल आणि तुमचे नवे कंडेन्सर २५ व्होल्टचेच आहेत. मग ते ३५ चे करा, पेटीत जागा करा, भोकं पाडा. त्यापेक्षा ७८१५ च्या जागी ७८१२ आणि ७९१५ च्या जागी ७९१२ टाका. पिना त्याच. १५.९ मधून १२ आरामात निघतात. हेडरूम, म्हणजे आवाज फाटायच्या आधीची मोकळीक, दोन डीबी कमी होईल, भजनात कुणाच्या बापाला कळणार नाही.

एक जपा. ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ ची इनपुटला, म्हणजे उणे सोळा-अठरा व्होल्टवर. दोन्ही एकाच पत्र्यावर कसलेले असतील तर ७९१५ च्या खाली अभ्रकाची चकती असेल. ती तडकू न देता काढा आणि तशीच परत घाला. स्क्रूचा प्लॅस्टिकचा बुशही. तो विसरला की सरळ शॉर्ट.

मिरजेचा_तंबोरा

काकांना दंडवत. मी लूपच्याच वाटेला लागलो होतो.

आता सूंऽऽ कडे. टीएल०७२ तिथे बसणार नाही. त्यात दोन ऑपअँप असतात आणि पिनांची मांडणी वेगळी. ७४१ च्या जागी सुटा टीएल०७१ बसतो: २, ३, ४, ६, ७ जशाच्या तशा, १ आणि ५ मोकळ्या असल्या की झालं. ७४१ हा १९६८ चा फेअरचाइल्डचा आयसी, बिचाऱ्याची गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि वारंवारतेचा गुणाकार, एक मेगाहर्ट्झच्या आसपास. तुमच्या माईक स्टेजला गेन शंभर, म्हणजे दहा किलोहर्ट्झनंतर उतार लागला. झांज बसकी वाटते ती यामुळे. टीएल०७१ ला तीन मेगाहर्ट्झ, म्हणजे तीसपर्यंत मोकळं.

बसची सूं मात्र फेडर खाली करून जात नाही, त्याचं कारण जोडणीत आहे. फेडर शून्यावर असला तरी १०० के चं टोक पॉटमधून ग्राउंडला जातंच. बेरजेच्या ऑपअँपला सहा रेझिस्टर समांतर दिसतात आणि त्याची स्वतःची खरखर सातपट होऊन बाहेर येते, जवळपास १७ डीबी. माईक लावा नाहीतर नका लावू. म्हणून या एका जागी चांगला आयसी घाला, एनई५५३४. मुख्य पिना ७४१ सारख्याच, पण तो गेन तीनच्या वरच स्थिर असतो. तुमच्याकडे सहाही रेझिस्टर कायम जोडलेले असल्याने सात मिळतात, तरी ५ आणि ८ मध्ये २२ पीएफ टाकून ठेवा. आउटपुटच्या स्टेजला घालायचा असेल तर तो कंडेन्सर सोडूच नका. जमल्यास बसचे सहाही १०० के आणि फीडबॅकचा एक असे सातही ३३ के करा. गेन तोच राहील, रेझिस्टरची स्वतःची खरखर कमी होईल.

जुना_कंडेन्सर

बरोबर. फक्त बोर्ड तपकिरी कागदी असेल, फायबरचा नाही. सोल्डरची इस्त्री जास्त वेळ धरली की ट्रॅक पापुद्र्यासारखा उठतो. आयसीचे पाय कापून एकेक पाय काढा, आयसी वाचवायला जाऊ नका. त्या जागी आयसीचा बेस (सॉकेट) बसवा.

बास-ट्रेबलला हात लावू नका. ती पीटर बॅक्सँडॉलची जोडणी, १९५२ साली वायरलेस वर्ल्डमध्ये आलेली, आणि अजून तिच्यात खोट काढता येत नाही. कधी पॉट बदललाच तर तिथे लिनिअर लागतो, लॉग नाही.

पंचगंगाकाठ

७८१२, ७९१२ बसले. पॉटच्या बॉड्यांची तार घातली. काल संध्याकाळी मेन्स २०५ असताना मास्टर पूर्ण वर: १०० ची रेघ दिसेनाशी झाली. बोट लावून आता काही बदलत नाही. लई आभार, काका आणि दादा. बेरजेला ५५३४ आणि माईकच्या दोन्ही चॅनेलना टीएल०७१ पुढच्या रविवारी.

एक राहिलं. तिसऱ्या चॅनेलचा फेडर हलवला की कर्रकर्र करतो. स्प्रे मारला, दोन दिवस बरा होता, पुन्हा तेच. १० के लॉगचा त्या लांबीचा स्लायडर कुठेच मिळत नाही.

जुना_कंडेन्सर

स्लायडर शोधायच्या आधी सिग्नल बंद ठेवून फेडरच्या वरच्या टोकाला डीसी मोजा. पाच-दहा मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर ट्रॅक चांगला आहे, त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. पॉटवर डीसी आलं की नवा पॉटसुद्धा कर्रकर्र करणार. १० मायक्रोफॅरडचा नवा टाका. अधिकची बाजू कुठे जोडायची ते जुन्यावरून ठरवू नका, ७४१ च्या पिन ६ वर डीसी अधिक आहे की उणे ते मोजून ठरवा. बाकीच्या पाच चॅनेलनाही त्याच वयाचे कंडेन्सर आहेत, हात लागलाच आहे तर सगळेच बदला.